संविधान दिनाची रास

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

घसा पार बसला आहे, अंगभर भाताचं कूस चिकटलं आहे आणि आज कुणी माझ्याकडे काहीही मागितलं असतं तरी मी देऊन टाकलं असतं.

समता गटाची पहिली रास आज शाळेच्या मैदानावर पडली. गटात वस्तीतली पाच घरं, गावातली चार. तीन वर्षं रासायनिक खत नाही, औषध नाही. एकमेकांच्या बांधावर फिरून, एकमेकांचं पीक तपासून काढलेला इंद्रायणी भात. या हंगामाच्या शेवटच्या तपासणीनंतर आम्हाला पूर्ण सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र मिळेल. पवनानगरपासून धरणाच्या या काठाला असा गट झालेला नाही, हे मी माईकवरून किती वेळा सांगितलं कोण जाणे.

उद्देशिका वाचली आणि मग ठरलं नव्हतं ते झालं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई चिमाबाई, मैदानाच्या कडेला चिंचेखाली उभ्या होत्या. खुर्ची दिली होती, तरी उभ्या. लग्न होऊन या गावात आल्यावर कित्येक सुगी त्या अशाच खळ्याच्या कडेला पदर पसरून उभ्या राहिल्या. वस्तीतल्या माणसाचा हात राशीला लागायचा नाही. वरून पसाभर धान्य पडायचं, ते झेलायचं. मला ते डोळ्यांसमोर दिसलं आणि पुढचं भाषण माझ्या हातात राहिलं नाही. मी म्हटलं, ही रास नऊ घरांची कशी? ही अख्ख्या गावाची! ज्याच्या घरात भात आहे त्याने पायलीभर आणावा आणि आपल्या हाताने इथे ओतावा. ज्या राशीने माणसं दूर उभी केली, त्याच राशीत आज सगळी एक होऊ द्या!

लोक खरंच घरी धावले. पाट्या, परड्या, पातेली, एकाने तर हेल्मेट भरून आणलं. बजरंगभाऊंचा सख्खा भाऊ कैलास तीन वर्षं आमची टिंगल करत आला आहे. त्याने भरली पाटी ओतली आणि मिशीला पीळ दिला. बजरंगभाऊ गटातले सगळ्यात जुने सदस्य, गावातलं मोठं खातेदार घर त्यांचं. ते मध्येच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “ताई, ह्ये समदं येगळं ठेवायचं का?” माईक चालूच होता. मी म्हटलं, “वेगळं? भाऊ, आजच्या दिवशी हा शब्द नको!” केवढ्या टाळ्या पडल्या.

शेवटी आत्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी ओंजळ राशीत सोडली आणि मग हात काढेचनात. कोपरापर्यंत भातात हात घालून उभ्या राहिल्या.

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं भाषण.

२८ नोव्हेंबर

गिरणी आधी धुऊन घेतली, मगच आपला भात भरडला. नियम म्हणजे नियम. आत्या दोन दिवसांत कुणाशीही भांडल्या नाहीत. पवन म्हणतो, “आईला ताप आलाय का बघ.” माझा नवरा कुठल्याही ऐतिहासिक घटनेवर एवढंच बोलू शकतो.

४ डिसेंबर

कुरवंड्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टमधून सार्थक नावाचा खरेदीवाला आला. नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल. अहवाल चांगला आला की वर्षभराचा तांदूळ आमच्याकडून घेणार आहेत. भात शिजवून वाढला तर म्हणाला, “मॅडम, हा वास आमच्या शेफला दाखवायला पाहिजे.” वास दाखवणार! पण पोरगा जेवला व्यवस्थित.

१९ डिसेंबर, गुरुवार

अहवालात भातावरच्या करपा रोगाच्या औषधाचा अंश सापडला आहे.

पुन्हा पुन्हा वाचलं, वाचून काही बदलत नाही. सार्थक फोनवर म्हणाला की अंश फार थोडा आहे, साधा तांदूळ म्हणून विकायला कायद्याची हरकत नाही, पण “सेंद्रिय” हा शब्द पोत्यावर चालणार नाही. मग ज्यांच्याकडून प्रमाणपत्र मिळतं त्या विभागीय संस्थेच्या मॅडमना मीच कळवलं. लपवणं माझ्याने होणार नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “१९ जानेवारीला मी येते. तोपर्यंत कारण शोधून ठेवा. एका शेतात चूक झाली असेल तर तो सदस्य जाईल. कारणच सापडलं नाही तर सगळ्या गटाचं प्रमाणपत्र जाईल. मग पहिल्यापासून तीन वर्षं.” पुढे विचारलं, “बाहेरचा माल कुठे मिसळला का? गिरणीत, पोत्यांत?” मी म्हटलं, “गिरणी माझ्या डोळ्यांदेखत धुतली आहे. पोती कोरी होती.” त्या “बरं” म्हणाल्या.

म्हणजे चूक शेतातच झाली आहे. नवांपैकी कुणीतरी फवारलं आणि बांधावर माझ्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोललं. औषधाचं मी सोसेन, ते खोटं बोलणं मला सोसत नाही.

२० डिसेंबर

सगळ्यांचे बांध मनातल्या मनात फिरून झाले. कुठेही मन अडत नाही, फक्त बजरंगभाऊंच्या वरच्या खाचरापाशी अडतं. बांधापलीकडे कैलासचं शेत आहे आणि कैलास राजरोस औषध मारतो. म्हणून बांधालगतच्या ओळी वेगळ्या कापून गटाच्या भातात आणायच्या नाहीत, असं ठरलं होतं. कापल्या का वेगळ्या? कोण बघायला गेलं होतं? शिवाय तो सव्वीस तारखेचा प्रश्न. सगळं गाव एक होत होतं तेव्हा या एका माणसाला वेगळं ठेवायचं सुचलं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय जिभेवर येतेच.

२२ डिसेंबर, रविवार

शाळेच्या खोलीत गटाची बैठक. बोलायचं नाही, फक्त विचारायचं असं ठरवून गेले होते. उभी राहिले आणि बोलले.

मी म्हटलं, विश्वास हे आपलं एकच खत होतं. ज्याने त्यात विष कालवलं त्याने नऊ घरांना फसवलं. नाव घेणार नव्हते. पण मागून आमच्याच वस्तीतला गोरख म्हणाला, “नाव घ्या की ताई, हितं सगळी घरचीच हायेत.” मी घेतलं.

बजरंगभाऊ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, “बांधालगतचं समदं कापून म्हशीला घातलं. सरूला इचारा.”

“सरूवहिनींना काय विचारायचं? त्या तुमच्याच.”

लोक हसले. बजरंगभाऊंच्या पत्नी सरूवहिनी दारातच होत्या, गटाचा चहा त्याच आणतात. त्यांनी किटली खाली ठेवली. “म्हशीलाच इचारा मंग,” म्हणाल्या, “ती तरी कुणाची न्हाई.” कुणी हसलं नाही. बजरंगभाऊ माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. टोपी घातली. “झालं तुमचं? धार काढायची राह्यलीय,” एवढं बोलून गेले.

१९ तारखेला मॅडमसमोर त्यांचं नाव गटातून काढण्याचा ठराव मांडायचा ठरलं. मीच मांडणार. चहा तसाच राहिला.

घरी पवनला सांगितलं. तो म्हणाला, “तू बोलायला लागलीस की समोरच्याला फक्त टाळी वाजवायची जागा उरते.” मी म्हटलं, तू कधी वाजवलीस? तो म्हणाला, “तेच सांगतोय.”

२५ डिसेंबर

घोरावाडी स्टेशनाजवळच्या वस्तीत मनुस्मृती दहन दिनाचं भाषण. मंडप भरलेला, पोरं उभी. काय जाळलं, का जाळलं आणि अजून काय जाळायचं बाकी आहे हे बोलताना माझा आवाज मलाच आवडत होता. उतरल्यावर एक म्हातारी जवळ आली. “पोरी, तुमचा त्यो गावानं मिळून केलेला तांदूळ कवा घ्यायला मिळंल? नातीच्या बारशाला पायजे.” मी म्हटलं, लवकरच.

लोकलमध्ये बसल्यावर भाषणातलं एकही वाक्य आठवेना. फक्त ते “लवकरच” आठवत होतं.

२९ डिसेंबर

बजरंगभाऊंनी आपल्या कणगीतला भात स्वतःच पुण्याला तपासायला दिला आहे. मला गोरखकडून कळलं. ते मला सांगत नाहीत, वाटेत भेटले तर “जयभीम ताई” म्हणतात आणि पुढे जातात. पूर्वी थांबायचे, म्हशीचा विषय काढायचे.

सरूवहिनी पाणवठ्यावर दिसल्या. म्हटलं, “वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण त्या राशीसाठी आम्ही...” त्यांनी मध्येच तोडलं. “ताई, त्या राशीचं नाव नका काढू माझ्याम्होरं.” आणि हंडा उचलून चालायला लागल्या.

बघा! त्या दिवशी आत्यांचा हात राशीत गेला हे अजून खुपतंय. तोंडाने ताई, ताई, आणि आत हे. मी तीन वर्षं त्यांच्या घरात जेवले.

१ जानेवारी २०२५

भीमा कोरेगावला गेले नाही. वस्तीतली सगळी पहाटे गाडी करून गेली. तिथेही कुणी तांदळाचं विचारलं असतं तर काय सांगायचं, तेच कळेना. आत्यांनी विचारलं, “आजारी हाईस का?” हो म्हटलं.

९ जानेवारी, गुरुवार

बजरंगभाऊंचा भात निर्दोष निघाला.

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी अहवालाचा फोटो टाकला. खाली एक शब्द लिहिला नाही. मी लिहिलं, नमुना कोणत्या खाचरातला होता हे स्पष्ट व्हावं. गोरखने नुसतं हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

पवनानगरहून जीपने येताना कैलास समोरच बसला. “काय ताई, आमचा बजा पास झाला म्हनं! आता कुनाचा नंबर? माझा लावा की. मी कुटं लपिवतो? यंदा दोनदा मारलं करप्याला. आन तरी तुमच्या राशीत माझी पाटी सगळ्यात मोठी व्हती, हाय का न्हाई?” जीप हसली. मी म्हटलं, दानशूरपणाबद्दल गट आभारी आहे. विष मारून वर मिरवणारा माणूस! याच्यावर नदी, माती, पोटातलं पोर अशी पानंच्या पानं मी लिहू शकते. लिहिलीही असती.

पण जीपमधून उतरल्यापासून काहीतरी सलतंय. कैलासच्या तंबाखूचा वास असेल.

१० जानेवारी

नाही. तंबाखू नव्हे.

लिहीत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आपल्याकडे हा सण नाही, पण सरूवहिनींचा तिळगूळ दरवर्षी येतो. मीही स्टीलच्या डब्यात काहीतरी घालून परत पाठवते. यंदा आला नाही. आत्या दोनदा दाराशी जाऊन आल्या. “सरू इसरली व्हय गं?” त्यांना बैठकीतलं कुणी सांगितलेलं नाही. घरोघरी सांगतात त्या एकच गोष्ट: माझा हात राशीत कोपरापातूर गेलता.

उद्या जाते.

१५ जानेवारी, बुधवार

बजरंगभाऊ गोठ्यात होते. मी दारातूनच विचारलं, “भाऊ, त्या दिवशी तुम्ही काय वेगळं ठेवायला सांगत होता?”

त्यांनी वर बघितलं नाही. “आता कळून काय करता?”

“सांगा तरी.”

“लोक आणत व्हते त्ये. तुमच्या-माझ्यासारखे नऊ सोडले तर गावात कोन औषध न मारता भात काढतं? गाव मारतं, वस्ती मारती. म्हणलं येगळी रास करावी, संध्याकाळी शिजवून समद्यांनी मिळून खावी. तुमी माईकवर घेतलंत. बसलो गप.”

“मग नंतर का बोलला नाहीत? मी भर बैठकीत तुमचं नाव घेतलं, भाऊ!”

सरूवहिनी चुलीपाशी होत्या, तिथूनच बोलल्या. “काय बोलायचं वं त्यांनी? ह्यांच्या बापानं चिमामावशीला खळ्यात पाऊल टाकू दिलं न्हाई. म्या नवी नवरी व्हते, डोळ्यानं बघितलंय. आन आता ह्यांनी उठून म्हणायचं, लोकांचा हात लागला म्हनून रास बिघडली? त्येबी तुमच्याम्होरं?”

“तुमी माझं काय केलं असतं, ताई?” बजरंगभाऊंनी विचारलं. खरंच विचारत होते.

“जिता गाडला असता,” सरूवहिनी म्हणाल्या.

आणि तेच खरं आहे. मी गाडलाच असता. शब्द तयार होते माझ्याकडे. पुस्तकांनी भरलेल्या कपाटासमोर बसून लिहिते आहे आणि यांतलं एकही पुस्तक मला त्या दिवशी सांगू शकलं नाही की औषध जात बघून तांदळात उतरत नाही. अंश मोजणाऱ्या यंत्राला समता कळत नाही. मला दोन्ही कळतं असा माझा समज होता. मॅडमनी विचारलं होतं, बाहेरचा माल मिसळला का. मी गिरणीबद्दल बोलले. कारण त्या दिवशी मला कुणी बाहेरचं दिसतच नव्हतं. याबद्दल मी स्वतःला दोष देऊ का? तिथेच अडकते. त्या दिवशी कुणी बाहेरचं दिसू नये म्हणून तर मी आयुष्यभर बोलत आले.

निघताना सरूवहिनींनी तिळगूळ दिला नाही. मी मागितलाही नाही.

१९ जानेवारी, रविवार

बैठक झाली. माझं आजवरचं सगळ्यात छोटं भाषण. ठराव मागे घेते. औषध कुणाच्या शेतातून आलं नाही, माझ्या आवाहनातून आलं. बाहेरचा भात राशीत मी ओतायला लावला. बजरंगभाऊंनी तेव्हाच अडवलं होतं, मी त्यांना बोलू दिलं नाही आणि नंतर त्यांच्यावरच आळ घेतला. भर सभेत घेतला होता, भर सभेत माफी मागते. बसले.

बजरंगभाऊ म्हणाले, “येवढंच? म्या तर आज लवकर धार काढून आलो व्हतो.” लोक हसले. मला हसता आलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते, मॅडमकडे बघून म्हणाले.

गोरख उठला. “म्हंजे गावाच्या भातानं आपली रास खराब केली, आसं लिवायचं?” मॅडम म्हणाल्या, “गटाबाहेरच्या, न तपासलेल्या भाताने, असं लिहायचं.” गोरख म्हणाला, “माझ्या सख्ख्या चुलत्यानं टाकलावता वस्तीतनं. त्यो बी बाहेरचा?” मॅडम म्हणाल्या, “हो.”

निर्णय असा: गट राहील. बजरंगभाऊ राहतील. यंदाचा तांदूळ साधा म्हणून विकायचा. पूर्ण प्रमाणपत्र एक वर्ष पुढे, आणि तेही गटाने लेखी नियम करून दिला तर. राशीचं ठिकाण बंदिस्त, गटाबाहेरच्या कुणालाही प्रवेश नाही. मसुदा चिटणीसाने करायचा. चिटणीस मी.

बाहेर कैलास उभा होता. बैठक सुटायच्या आधीच बातमी गावभर झाली होती. “माझी पाटी परत द्या,” तो म्हणाला. या वेळी मिशीला हात गेला नाही. “आमाला बोलावून घेतलंत, टाळ्या वाजवून घेतल्यात, आन आता आमचा भात खराब? परत द्या.” मी म्हटलं, कैलासभाऊ, तो भरडला गेला, मिसळला. “मंग निवडून द्या,” तो म्हणाला आणि थांबला नाही. त्याच्यामागे आणखी तीन-चार जण होते. त्यांच्यात हेल्मेटवाला पोरगाही होता.

२० जानेवारी

सरूवहिनींनी किटली पोराबरोबर पाठवली होती, कालच्या बैठकीला. आज लक्षात आलं. स्वतः आल्या नव्हत्या.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळपासून नियम लिहिते आहे. पहिला मसुदा: “राशीची शुद्धता राखण्यासाठी...” शुद्धता शब्द खोडला. मी तो कसा लिहिला? दुसरा: “गट सदस्यांव्यतिरिक्त इतरांनी राशीपासून अंतर राखावे.” अंतर. हाही खोडला. बजरंगभाऊ म्हणतात तसं वेगळी रास आणि मिळून जेवण हे कलम घातलं. ते राहील, पण ते दुसरं कलम झालं. पहिलं कलम टळत नाही. मॅडमना फोन केला की मवाळ शब्दांत लिहिता येईल का. त्या म्हणाल्या, “मवाळ लिहिलंत की पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा भाषण करेल.” त्यांना माहीत नव्हतं की त्या काय बोलल्या. किंवा असेल.

नियम बरोबर आहे. तो पोटात जाणाऱ्या घासाचा आहे, रिसॉर्टवाल्याच्या नव्हे, त्या बारशाच्या पोरीच्या घासाचा. हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. मला पटलंही आहे.

दुपारी शेवटी सरळ लिहिलं: “गटाबाहेरच्या कोणाचाही हात राशीला लागणार नाही.”

आत्या उन्हात वाल सोलत बसल्या होत्या. कधीपासून बघत होत्या कोण जाणे. “एवढं काय लिवतीस गं? खोडतीस काय, लिवतीस काय.”

“गटाचं आहे. पुढच्या राशीचं.”

“मला वाचून दाव.”

मी कागद उचलला. मंडपातल्या हजार माणसांपुढे कागदाशिवाय बोलते मी. ओठ हलले, आवाज आला नाही.

“मोठ्यानं वाच की,” आत्या म्हणाल्या. “माईक न्हाई म्हनून लाजतीस व्हय?” आणि सोललेल्या वालांत कोपरापर्यंत हात घालून हसायला लागल्या.